जुना मॅकिंटॉश एसई/३० : डिस्कवरचं काम वाचवायचंय (सांगली)

हरभटरोडकर:
नमस्कार मंडळी, आमच्या छापखान्यात बाबांनी मुंबईहून सेकंडहँड आणलेला मॅकिंटॉश एसई/३० (अ‍ॅपलचा जुना कॉम्प्युटर) आहे, लग्नपत्रिका, हँडबिलं सगळं त्याच्यावरच लागायचं. २०१९ च्या पुरात माळ्यावर होता म्हणून वाचला. परवा लावला तर आवाज काहीच नाही आणि स्क्रीनवर नुसत्या आडव्या पट्ट्या. आत ४० एमबीची डिस्क आहे, त्यात बाबांच्या हातची डिझाइनं आहेत, ती मला पाहिजेतच. एक दुकानदार म्हणाला भंगारात घाला, लई वाईट वाटलं. काय करू?

मिरज_सोल्डर:
भंगारात अजिबात घालू नका! पण आता परत चालूही करू नका. १९८९ चं मशीन आहे, बोर्डवरचे ४७ मायक्रोफॅरडचे छोटे कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) गळतात आणि ते पाणी बोर्डवरचे तांब्याचे ट्रॅक खातं, पट्ट्या आणि बंद आवाज बहुतेक त्याचेच. पहिलं काम म्हणजे ३.६ व्होल्टची अर्ध्या पेन्सिल सेलएवढी बॅटरी काढा, ती फुटली तर बोर्डच जातो. हँडलच्या खोबणीत खोल स्क्रू आहेत, त्याला लांब दांड्याचा टी-१५ टॉर्क्स (चांदणीच्या टोकाचा) स्क्रूड्रायव्हर लागतो. पिक्चर ट्यूबच्या लाल वायरीला हात लावू नका, प्लग काढला तरी चार्ज राहतो, हे माहितगारालाच करू द्या.

साताराकर८९:
वरच्यांशी सहमत. कपॅसिटर बदलताना टँटलम जातीचे घातले तर एक बघा, त्याच्यावरची पट्टी म्हणजे प्लस आणि जुन्या गोल डब्यावरची काळी खूण म्हणजे मायनस, इथं भलेभले उलटं लावतात. मशीन मात्र जबरदस्त हां, १६ मेगाहर्ट्झचा ६८०३० प्रोसेसर आणि रॅम १२८ एमबीपर्यंत, तेव्हा आपल्याकडं ६४० केबीवर ऑफिसं चालायची.

हरभटरोडकर:
खूप आभार दोघांचे. बॅटरी माहितगाराकडूनच काढून घेतो. पण डिस्कचं काय, बोर्ड नीट होईपर्यंत थांबू?

मिरज_सोल्डर:
थांबायची गरज नाही. डिस्क ५० पिनची स्कझी (SCSI, डिस्क जोडायची जुनी पद्धत) आहे, ब्लूस्कझी व्ही२ नावाचं छोटं बोर्ड मिळतं, इनिशिएटर मोडमध्ये (म्हणजे ते स्वतःच डिस्क वाचतं) ते अख्खी डिस्क एसडी कार्डवर उतरवतं. फक्त फाइली नको, पूर्ण इमेजच (डिस्कची जशीच्या तशी नक्कल) घ्या, कारण त्या काळचे मराठी फाँट युनिकोड (आजची सगळीकडं चालणारी अक्षर-पद्धत) नव्हते आणि सिस्टिम ६ मध्ये (मॅकची तेव्हाची ऑपरेटिंग सिस्टिम) स्क्रीनचे फाँट सिस्टिम फाइलच्या आतच असायचे. ती फाइल घ्यायची राहून गेली तर पत्रिकेवरचा मजकूर नुसती इंग्रजी अक्षरं दिसेल.