वेलिगामात सर्फिंग शिकायचंय: चौघांचा गट की प्रत्येकाला वेगळा शिक्षक?

वर्षा_नाशिक

जानेवारीत आम्ही श्रीलंकेला जातोय. एक रात्र कोलंबोत, पुढचा सगळा मुक्काम दक्षिण किनाऱ्यावर मिरिस्साला. मुलगी १३ वर्षांची आहे. टोकियो ऑलिंपिकमध्ये सर्फिंग पहिल्यांदा आलं हे तिनेच मला सांगितलं, आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. शेजारचा वेलिगामाचा उपसागर नवशिक्यांसाठी चांगला, असं जो तो सांगतो.

आम्ही चौघं: मी (४२), नवरा, मुलगी आणि १७ वर्षांचा भाचा. मी आणि मुलगी तलावात व्यवस्थित पोहतो. भाचा उत्तम पोहतो. नवऱ्याला पोहता येत नाही, पण त्याला पाण्यात यायचंय.

तिथे छोट्या गटाचे वर्ग असतात आणि एकास एक शिकवणीही असते. दुसरी बरीच महाग पडते. पैसे द्यायला हरकत नाही, पण त्याने खरंच फरक पडतो का? एकच वर्ग पुरतो की रोज घ्यावा? मला उणे चारचा चष्मा आहे, त्याचं काय करायचं? आणि कपडे? स्वतः शिकलेल्या कुणी सांगितलं तर फार बरं होईल.

सुमेधा_कोथरूड

वर्षाताई, मी पुण्यात पोहायला शिकवते, लहान मुलांना आणि मोठ्या बायकांना. वेलिगामाला सर्फिंग शिकले ती पन्नाशीच्या उंबरठ्यावर. विषय जिव्हाळ्याचा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

गटच घ्या, आणि पैसे हे त्याचं कारण धरू नका. सर्फिंगमध्ये उभं राहण्याचे क्षण थोडे असतात. बाकी सगळा वेळ फळीवर पालथं पडून, छाती उचलून, मान वर ठेवून दोन्ही हातांनी पाणी मागे सारायचं असतं. रोज पोहणाऱ्याच्या खांद्यांनासुद्धा ही सवय नसते. एकट्याचा शिक्षक असला की तो बिचारा तुमच्या पैशाला जागून लाटेमागून लाट देत राहतो. अर्ध्या तासात हात उचलेनासे होतात आणि उरलेला वेळ नुसतं पडण्यात जातो. गटात तुमची पाळी येईपर्यंत कमरेएवढ्या पाण्यात फळी धरून उभं राहायचं आणि दुसऱ्याकडे बघायचं. त्याने उठताना मान खाली घातली, फळीचं नाक पाण्यात रुतलं, हे डोळ्यांना दिसतं. तलावाच्या काठावर बसून दुसऱ्याचे पाय बघणारं मूल लवकर सुधारतं, हे मी वर्षानुवर्षं बघत आलेय.

पण गट म्हणजे एका शिक्षकामागे चार जण. पाच म्हणजे अगदी डोक्यावरून पाणी. जानेवारीत वेलिगामाला आठ-दहा जणांचे जथेही पाण्यात उतरवतात. त्यात शिकणं होत नाही, आणि एकमेकांच्या फळ्या लागतात ते वेगळंच. त्या उपसागराचा तळ वाळूचा आहे, खडक किंवा प्रवाळ नाही, म्हणून तो नवशिक्यांना सोयीचा. तिथे लागण्याची भीती मुख्यतः फळ्यांचीच: स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या.

पैसे देण्याआधी एक सकाळ किनाऱ्यावर नुसत्या उभ्या राहा आणि त्यांचा एखादा वर्ग बघा. शिक्षक कुठे आहे? छातीएवढ्या पाण्यात, शिकणाऱ्याच्या शेजारी असला तर ठीक. वाळूवरून हातवारे करत असला तर पुढच्या दुकानाकडे वळा. पाण्यात जाण्याआधी वाळूवर किती वेळ घेतो तेही बघा. चांगला शिक्षक आधी पडायला शिकवतो: डोकं खाली करून सूर मारायचा नाही, पाठीवर किंवा कुशीवर पसरट पडायचं, कारण खाली पाणी थोडं असतं. वर येताना दोन्ही हात डोक्यावर, कारण फळी कुठे आहे ते दिसत नसतं. पाण्यात चालताना फळी कधीही आपल्या आणि लाटेच्या मध्ये आडवी धरायची नाही. लाट ती फळी सरळ तोंडावर आणते. फळी बाजूला ठेवायची, तिचं नाक लाटेकडे. एवढं सगळं सांगायला वीसेक मिनिटं लागतात. जो पाच मिनिटांत पाण्यात नेतो त्याच्याकडे मुलीला देऊ नका.

फळी मऊ पृष्ठभागाची, आठ-नऊ फुटी मागा. भाचा लहान आणि देखणी फळी मागेल, त्याला देऊ नका. मोठी फळी स्थिर असते आणि कमी जोराची लाटसुद्धा पकडते. दोरी मागच्या पायाला बांधतात. आपला मागचा पाय कोणता हे माहीत नसेल तर कुणाला तरी पाठीत हलकंच ढकलायला सांगा. तोल सावरायला जो पाय पुढे पडतो तो पुढचा.

आता ज्यासाठी खरं हे लिहायला बसले ते. पहिल्या दिवशी शिक्षक फळी मागून धरतो, लाट आली की ढकलतो आणि ‘अप!’ म्हणून ओरडतो. आपण उठतो, फेसाच्या लाटेवरून किनाऱ्यापर्यंत येतो. आनंद खराच असतो, मी तर त्या दिवशी रडले होते. पण त्यात लाट निवडली त्याने, वेळ साधली त्याने, वेग दिला त्याने. आपण फक्त उठून उभे राहिलो. बहुतेक लोक एवढ्यावरच परत जातात, आणि पुढच्या समुद्रावर एकटे फळी घेऊन उतरले की त्यांच्याकडून एकही लाट पकडली जात नाही. मला याचं फार वाईट वाटतं, कारण या खेळाचा गाभा लाट ओळखण्यात आहे. ती कुठे फुटेल, किती वेगाने येतेय, आपण फार पुढे आहोत की फार मागे. लाटा टोळीने येतात, मधे पाणी निवांत होतं, मग पुन्हा टोळी येते. हे बघायला कुणीतरी शिकवावं लागतं.

म्हणून दुसऱ्या दिवशी शिक्षकाला स्पष्ट सांगा: थोडा वेळ मला ढकलू नका. लाट मी निवडते, तुम्ही फक्त हो किंवा नाही म्हणा, आणि नाही म्हणालात तर का ते सांगा. उभं राहणं त्या दिवशी कमी होईल. मुलगी कदाचित हिरमुसेल. तरी सांगा. चांगल्या शिक्षकाचा चेहरा हे ऐकून खुलतो, मी पाहिलंय.

यावरूनच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: एका वर्गात काही होत नाही. लागोपाठ तीन सकाळी तरी ठेवा. दुसऱ्या सकाळी अंग सगळ्यात जास्त दुखतं, तिसऱ्या सकाळी ते आपसूक उठतं. दुपारचे वर्ग घेऊ नका. त्या दिवसांत सकाळचा वारा जमिनीकडून समुद्राकडे असतो, पाणी गुळगुळीत राहतं. पुढे वारा फिरला की पाणी विस्कटतं आणि गर्दीही वाढते. घड्याळ आपलंच आहे तिथे, वेळेचा फरक नाही, त्यामुळे पहाटे उठणं जड जात नाही.

आतापासून चौघांनी सूर्यनमस्कार सुरू करा. साष्टांग नमस्कारातून भुजंगासनात छाती उचलायची आणि पुढे एक पाय हातांच्या मधे आणायचा, फळीवर उठणं जवळपास तसंच आहे. फरक एवढाच की तिथे ते एका दमात करायचं आणि गुडघा टेकवायचा नाही. गुडघ्यावर थांबायची सवय लागली की ती मोडता मोडत नाही.

कपडे: पूर्ण बाह्यांचा घट्ट पोहण्याचा टीशर्ट आणि गुडघ्याखालपर्यंत पोहण्याची लेगिंग. फळीवर पोट आणि गुडघे घासून सोलवटतात. पाणी कोमट असतं, थंडीचा पोशाख लागत नाही. ऊन मात्र विषुववृत्ताजवळचं आहे, वेलिगामा साधारण ६ अंश उत्तरेला. चेहऱ्याला झिंकचा जाड पांढरा लेप लावा, कान आणि मानेची मागची बाजू विसरू नका. मंगळसूत्र, बांगड्या, अंगठ्या खोलीवर काढून ठेवा. मुलीची घट्ट वेणी घाला.

खाडीकाठ

मी रत्नागिरीचा. सर्फिंग येत नाही, समुद्र येतो. सुमेधाताईंनी छान लिहिलंय, एका गोष्टीची भर घालतो.

लाटांनी किनाऱ्याशी आणलेलं पाणी परत जायला वाट शोधतं. जिथे तळ खोल असतो तिथून ते जोरात बाहेर जातं. आमच्याकडे पाण्याला ‘ओढ’ आहे म्हणतात. वरून बघितलं तर तो पट्टा शांत आणि गडद दिसतो, लाटा त्यात फुटत नाहीत. नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो, कारण बाजूला फेस आणि इथे निवांत! ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झुंजू नका, तिथे पट्टीचा पोहणारासुद्धा दमतो. किनाऱ्याला समांतर सरका, लाटा फुटताहेत त्या बाजूला, तिथून लाटाच तुम्हाला आत आणतील. फळी असेल तर ती सोडायची नाही. तिच्यावर पालथं पडायचं आणि एक हात वर करायचा. पहिल्या दिवशी शिक्षकाला विचारा, आज ओढ कुठे आहे? त्याला बोट दाखवून सांगता आलं पाहिजे.

दुसरं. आपल्याकडे तिथीच्या पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, ते गणित तिथे नेऊ नका. भरतीची वेळ जागेनुसार बदलते. शिवाय तिथे भरती-ओहोटीचा फरक एक मीटरच्याही आत असतो, आपल्यासारखं पाणी लांब आत जात नाही. तरी ओहोटीला लाट उथळ पाण्यात एकदम आदळते, तेव्हा वर्गाची वेळ तिथल्या माणसालाच ठरवू द्या.

मंगळूरकर_सध्या

विषयाला थोडं सोडून, पण ज्यांना परदेशी जायचं नाही त्यांच्यासाठी. मी नोकरीनिमित्त मंगळूरला असतो. इथून तासाभराच्या आत मुल्की आहे, कोकण रेल्वेवर स्टेशनही आहे. भारतातल्या सर्फिंगची सुरुवात इथून झाली असं मानतात. मंत्र सर्फ क्लब आश्रमातल्या लोकांनी सुरू केला, तिथे जेवण शाकाहारी आणि दारू बंद. मुलांना घेऊन जाणाऱ्या आपल्या लोकांना तिथलं वातावरण आवडतं. शांभवी आणि नंदिनी या नद्या तिथेच समुद्राला मिळतात, त्यामुळे मुखाजवळ पाण्याला जोर असतो. नवशिक्यांनी शिक्षक नेईल तिथेच उतरावं. पावसाळा संपला की मे महिन्यापर्यंत लाटा लहान, शिकायला योग्य. पावसाळ्यात नवख्यांनी येऊ नये, मग मुल्की असो, गोवा असो की वेलिगामा. पावसाळ्यातच श्रीलंका करायची असेल तर पूर्व किनाऱ्यावर आरुगम बे आहे, तिथला हंगाम तेव्हा असतो.

वर्षा_नाशिक

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन सकाळी नक्की केल्या. मुलीला ‘ढकलू नका’ वाचून दाखवलं, ती म्हणाली मी पहिल्याच दिवशी सांगणार!

सुमेधाताई, दोन गोष्टी राहिल्या. चष्मा, आणि नवरा. तो म्हणतो पाणी कमरेएवढंच आहे, पायाला फळी बांधलेली आहे, बुडायचा प्रश्न कुठे येतो? चौघं एकाच गटात असलो तर मीही लक्ष ठेवेन.

सुमेधा_कोथरूड

पहिल्या दिवशी मुलीला ढकलूनच घ्या हो. आधी उभं राहण्याची चव कळू दे, म्हणजे दुसऱ्या दिवशी थांबायचं बळ येतं.

चष्मा: उणे चारला किनारा धूसर दिसेल, पण शेजारचा शिक्षक आणि येणारी लाट दिसते. शक्य असेल तर तसंच उतरा, आणि शिक्षकाला आधीच सांगून ठेवा की लांबून केलेली खूण मला दिसणार नाही, हाक मारा. लाट ओळखण्याच्या दिवशी मात्र नजर लागते. तेव्हा एकदाच वापरून टाकायच्या लेन्स घाला, पडताना डोळे गच्च मिटा, आणि बाहेर आल्याबरोबर काढून टाका. त्या लेन्स दिवसभर डोळ्यांत ठेवू नका, समुद्राच्या पाण्याने डोळ्यांना संसर्ग होऊ शकतो. आधी तुमच्या डोळ्यांच्या डॉक्टरांशी बोला.

आता तुमचे यजमान. त्यांना पाण्यात यायचंय याचा मला आनंदच आहे, पण त्यांचं म्हणणं मला मान्य नाही. फळी म्हणजे लाइफ जॅकेट नव्हे. दोरी तुटते, फळी हातातून निसटते, आणि कमरेएवढ्या पाण्यात पडलेला माणूस घाबरला तर उभा राहायचंच विसरतो. मी तलावाच्या उथळ भागात धडधाकट माणसं अशी गडबडलेली पाहिलीत. आणि लक्ष तुम्ही ठेवू नका. तुम्हीही शिकणाऱ्याच असाल, तुमचं डोकं तुमच्या लाटेत असेल. त्यांच्यासाठी पहिल्या दिवशी वेगळा शिक्षक घ्या. एकास एकवर पैसे खर्च करायचेच असतील तर ते इथे करा. तुम्ही तिघं गटात.

अजून दोन महिने हातात आहेत. नाशिकला त्यांना तलावावर घाला आणि तिथल्या शिक्षकाला सांगा की आता हातपाय मारणं नंतर, आधी या तीन गोष्टी हव्यात: तोंड पाण्यात घालून श्वास सोडणं, पाठीवर निवांत तरंगणं, आणि पाण्यात आडवं पडलेल्या अवस्थेतून गुडघे पोटाशी घेऊन स्वतःच्या पायांवर उभं राहणं. तिसरी गोष्ट न घाबरता, लागोपाठ जमली पाहिजे. ती जमली तर वेलिगामाला जाऊ द्या त्यांना फेसात. नाही जमली तर या खेपेला त्यांनी काठावर थांबावं, आणि मला इथे कळवा, पुण्यात आलात की मी शिकवीन.