सासूबाईंना नव्या डॉक्टरांकडे प्रथमच न्यायचे आहे. काय तयारी करावी?

बोरिवलीची सून:
माझ्या सासूबाई, वय ७१, गिरगावातून आमच्याकडे कायमच्या राहायला आल्या आहेत. त्यांना मधुमेह आणि रक्तदाब आहे. तिथले डॉक्टर निवृत्त झाले, आणि त्यांना सारे तोंडपाठ असल्यामुळे घरात जुने कागद जवळजवळ नाहीतच. येत्या गुरुवारी नव्या फिजिशियनची वेळ मिळाली आहे. सोबत काय न्यावे आणि रक्ततपासणी आधीच करून घ्यावी का, हे कृपया सांगावे.

परळकर:
वडिलांच्या वेळी मी औषधांची यादी सुवाच्य अक्षरात लिहून नेली होती आणि ती निरुपयोगी ठरली, कारण मी चिठ्ठीवरची औषधे उतरवली होती आणि वडील घेत होते ती वेगळीच होती. दोन दुकानांतून आणलेल्या, निरनिराळ्या नावांच्या दोन गोळ्या मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या एकाच औषधाच्या निघाल्या आणि ते दोन्ही घेत होते. म्हणून सगळी औषधे पाकिटांसकट पिशवीत घालून न्या. डोळ्यांचे थेंब, चूर्ण, काढेसुद्धा. कोणती गोळी चुकते, हे सासूबाईंनाच सांगू द्या. आपण मुले-सुना मध्येच उत्तरे देतो (मीही दिली होती).

मुलुंडकर:
तपासण्यांचे महागडे पॅकेज आधी करू नका. हव्या त्या तपासण्या डॉक्टर लिहून देतीलच. अलीकडचा एचबीएवनसीचा अहवाल असल्यास मात्र अवश्य न्या, कारण त्यातून सुमारे तीन महिन्यांतील साखरेची सरासरी कळते, जी एका सकाळच्या आकड्यातून कळत नाही. गुरुवारपर्यंत रोज सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटे शांत बसवून, घरीच रक्तदाब मोजा आणि वहीत तारखेसह लिहा. दवाखान्यात कित्येकांचा रक्तदाब नुसत्या धास्तीने वाढलेला दिसतो. उपाशीपोटी तपासणी सांगितलीच, तर त्या सकाळी साखरेची गोळी घ्यायची की नाही, हे फोन करून विचारा.

दादरकर:
सासूबाई पूर्वी रुग्णालयात दाखल झाल्या असतील, तर २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार दाखल रुग्णांच्या नोंदी ३ वर्षे जपायच्या आणि मागितल्यास ७२ तासांत द्यायच्या असतात. अर्ज आजच करा.

बोरिवलीची सून:
सर्वांचे आभार. काल त्यांचा औषधांचा डबा उघडला, तेव्हा तळाशी गुडघेदुखीच्या गोळ्यांची अर्धी पट्टी सापडली. शेजारणीच्या सांगण्यावरून त्या वर्षभर घेत आहेत. आम्हाला कधी का सांगितले नाही, असे विचारल्यावर म्हणाल्या, "ते काय औषध आहे का?" तीही पट्टी पिशवीत टाकली आहे.