जुन्या लान्सरला इव्हो ६ चा दुमजली विंग लावू का?

यवतेश्वर_एक्सप्रेस (सातारा):
मंडळी, काकांची जुनी लान्सर माझ्याकडं आलीय, १.५ पेट्रोल, पांढरी. लहानपणापासून इव्होचं, म्हणजे मित्सुबिशीच्या रॅलीवाल्या लान्सर इव्होल्यूशनचं, याड, त्यामुळं मागं इव्हो ६ सारखा दुमजली विंग आणि बॉनेटला जाळ्या करायचं डोक्यात हाय. एक फायबरवाला बनवून देतो म्हणतोय. पोरं म्हणत्यात कपडे वाळत घालायला बरं हुईल. तर प्रश्न असा की रॅलीत ह्या विंगचा खरंच उपयोग व्हायचा का नुसता दिखावा होता? आणि कासच्या रस्त्याला काय फरक पडंल का?

मिरज_टर्बो:
दिखावा नव्हता भावा, नियमच तसा होता. ग्रुप ए मध्ये, म्हणजे त्या वेळच्या रॅली नियमांच्या एका वर्गात, रॅलीला जी गाडी पळवायची तशा किमान २५०० गाड्या गिऱ्हाइकाला विकायला लागायच्या, आणि विंग, बंपर, बॉनेट जे काय रॅलीत पायजे ते आधी शोरूमच्या गाडीवर असायला पायजे. म्हणून तर १९९२ ला पहिली इव्हो आल्यावर दर वर्ष-दीड वर्षाला नवीन नंबर यायचा. १९९५ ला इव्हो ३, नाक मोठं, स्पॉयलर मोठा. १९९८ ला इव्हो ५, गाडी रुंद केली आणि विंगचा कोन बदलता येतोय. १९९९ ला इव्हो ६, तुझा तो दुमजली, पण माझ्या मते ६ मधलं भारी काम पुढं हाय. फॉगलॅम्प बारीक करून कोपऱ्यात ढकलले आणि नंबर प्लेट मधनं काढून एका बाजूला लावली, का तर इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा) आणि रेडिएटरला जाणारी हवा आडायला नको. लोक अजून विचारतात प्लेट वाकडी का लावलीय म्हणून.

सुबारू आणि फोर्डनं १९९७ ला डब्ल्यूआरसीचे, म्हणजे जागतिक रॅली स्पर्धेचे, नवे मोकळे नियम घेतले, त्यात रस्त्यावर तसली गाडी विकायची सक्तीच नाही. मित्सुबिशी २००१ पर्यंत ग्रुप ए लाच चिकटून राहिली आणि तरी तिचा ड्रायव्हर टॉमी मॅकिनेननं १९९६ ते १९९९ सलग चार टायटल मारली. १९९८ चं तर नशीबच म्हणा, हा स्वतः शेवटच्या रॅलीतनं बाहेर पडलेला आणि त्याच्याशी टायटलला लढणाऱ्या साइन्झची टोयोटा कोरोला शेवटच्या स्टेजच्या फिनिशला काहीशे मीटर राहिले असताना बंद पडली. २००१ ला मित्सुबिशीनं पण डब्ल्यूआरसी गाडी आणली आणि तिथनं पुढं ती मजा गेली, शोरूमची इव्हो वेगळी आणि रॅलीची वेगळी.

कराडचा_नट_बोल्ट:
वर इतिहास झाला, आता तुझ्या गाडीचं बोलू. तुझी बॉडी इव्हो ४-५-६ च्याच पिढीची हाय, दिसायला शोभंल. पण हवेचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे १२० ला जेवढा डाउनफोर्स (गाडी खाली दाबणारा जोर) मिळंल त्याच्या चौथा हिस्सा ६० ला. यवतेश्वर घाटात तू ४० नं चालणार, तिथं विंग म्हणजे नुसतं वजन. त्यात इव्हो चारी चाकांवर चालते आणि तुझी पुढच्या दोन. विंग बसतो मागच्या एक्सलच्या पण मागं, तो डिकी खाली दाबणार तसं नाक हलकं होणार, आणि तुझं स्टिअरिंग, पॉवर, जास्तीचं ब्रेकिंग सगळं नाकावरच. हायवेला वेगात वळताना गाडी सरळच जायला बघंल. इव्होला पुढचा बंपर आणि मागचा विंग जोडीनं बनवलेला, आपण त्यातला निम्माच उचलतो.
जाळ्यांचा मात्र उपयोग हाय, बॉनेटखालची गरम हवा बाहेर पडते. फक्त कासच्या पावसात पाणी कुठं गळतंय ते आधी बघ, स्पार्क प्लगांना करंट वाटणारा डिस्ट्रिब्युटर भिजला तर बस ढकलत.

एमएच१०_वाला:
आरटीओचं कोण बोलंना झालंय. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा, कंपनीनं दिलेल्या गाडीत परस्पर बदल चालत नाही. पोवई नाक्यावर अडवलं की फायबरवाला येणार नाही सोडवायला.

सांगली_स्लाइडवेज:
आणि ते छतावर चिकटवायचे काटे? आमच्या विश्रामबागेत प्रत्येक दुसऱ्या स्विफ्टला हायत 😂

कराडचा_नट_बोल्ट:
ते व्होर्टेक्स जनरेटर, हवेत बारके भोवरे करून ती मागच्या काचेला चिकटवून ठेवायला. मित्सुबिशीनंच इव्होवर अभ्यास करून २००४ ला छापलंय, ड्रॅग (हवेचा अडथळा) आणि लिफ्ट (गाडी उचलणारा जोर) दोन्हीचे आकडे ०.००६ नं कमी झाले. सेडानच्या काचेवर हवा सुटते त्याच्या जरा आधी, छताच्या मागच्या कडेला, २०-२५ मिलिमीटर उंचीचे. स्विफ्टचं छत संपलं की हवा सुटलीच, तिथं काटे लावून काय चिकटवणार? तुझ्या लान्सरला तरी काचेचा उतार हाय.

यवतेश्वर_एक्सप्रेस:
बरं मग विंग कॅन्सल, घरचे पण खूश. त्या पैशात टायर आणि पुढचे ब्रेक पॅड घालतो. पण नंबर प्लेट बाजूला सरकवली तर चालंल का ओ?

एमएच१०_वाला:
नाय.