गाजर गवत फुललं की काकडी-केळंही खाजतं?

प्रश्न: पावसाळा सरताना गाजर गवत फुललं की सकाळी शिंकांवर शिंका आणि डोळ्यांना खाज. त्याच दिवसांत काकडी, केळं, खरबूज खाल्लं की टाळू आणि ओठ खाजतात. काही संबंध आहे का? रोज चमचाभर गावठी मध घेऊन उपयोग होतो का?

प्रतिसाद १: असू शकतो. गाजर गवताच्या कुळातल्या रॅगवीड या तणाचा त्रास असलेल्या काहींना नेमकी हीच फळं खाजतात. परागांतली आणि फळांतली काही प्रथिनं सारखी दिसतात, म्हणून शरीर फसतं. ती उष्णतेने मोडतात. त्यामुळे कोशिंबीर खाजते, पण त्याच काकडीचं खरपूस थालीपीठ बहुधा चालतं. घसा आवळला, धाप लागली किंवा अंगभर गांधी उठल्या तर प्रयोग थांबवा आणि लगेच दवाखाना गाठा.

प्रतिसाद २: मधावर भिस्त नको. त्यातले पराग मुख्यतः मधमाशीने फुलांतून आणलेले असतात. नाकाला छळतात ते वाऱ्यावर उडणारे. शिवाय कोणत्या चमच्यात किती, हे कोण मोजणार? वर्षाखालच्या बाळाला तर मध अजिबात देऊ नका.

प्रतिसाद ३: दुधाने शेंबूड वाढतो असं ऐकून, कृपा करून दूध-दही सरसकट बंद करू नका. दुधाने लाळ जरा दाट लागते, शेंबूड वाढत नाही. वहीत तारीख, पदार्थ, कच्चा की शिजवलेला आणि किती मिनिटांत खाज, एवढं लिहा. एका वेळी एकच पदार्थ २ आठवडे सोडा. चार एकदम सोडले तर दोषी कोण ते कळत नाही. ती वही ॲलर्जीच्या डॉक्टरांना दाखवा.