मदत हवी आहे: दूषित जमीन तपासणारा तज्ज्ञ कसा पारखावा?

पूर्वी क्रोम प्लेटिंगचा (धातूवर क्रोमियमचा मुलामा चढवण्याचा) कारखाना असलेली जागा आमची संस्था शाळेसाठी घेऊ पाहतेय. व्यवहार झालेला नाही. सल्लागाराचा अहवाल आलाय, पण त्यावर विसंबायला मन धजत नाही. वरच्या थरातले नमुने एकत्र मिसळून तपासलेत, म्हणजे एखाद्या कोपऱ्यात साचलेलं विष सरासरीत दडू शकतं. आकडा एकूण क्रोमियमचा आहे. त्यातलाच कितीतरी अधिक घातक प्रकार, षट्संयुजी क्रोमियम, वेगळा मोजलेलाच नाही. भूजलाचा नमुना नाही. इथे तर मुलं मातीत खेळणार आहेत!

प्रयोगशाळेची आयएसओ १७०२५ (चाचणी प्रयोगशाळांसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक) मान्यता तपासली, ती आहे. पण ती प्रयोगशाळेतल्या कामाची. नमुने कुठून, किती खोलीवरून घ्यायचे हे ठरवणाऱ्याचं काय? सल्लागाराला विचारलं तर ‘नेहमीची पद्धत’ एवढंच उत्तर. दूषित मातीच्या सफाईचं कंत्राटही त्यांनाच हवंय, हे मला फार खटकतं.

दुसरा तज्ज्ञ नेमायचं ठरलंय. सगळं नव्याने करण्याइतका पैसा मात्र नाही. आयएसओ १८४०० या मातीचे नमुने घेण्याच्या मानकांच्या मालिकेप्रमाणे नमुने घेण्याची अट करारात घालतोच आहोत. या नव्या तज्ज्ञाची पात्रता ठरवताना पदवीपलीकडे कोणती कागदपत्रं मागावीत? आणि सफाई पूर्ण झाल्याचा दाखला सफाई करणाऱ्याने न देता स्वतंत्र तज्ज्ञानेच द्यावा, ही अट प्रत्यक्षात पाळली जाते का?