नांदूरमध्यमेश्वरच्या पाणथळीतला रस्ता रविवारी सकाळी मोटारींना बंद करावा का?

गोदाकाठची

गेल्या रविवारी पहाटे पाचला नाशिकहून सायकल काढली आणि पावणेआठला चापडगावात पोचले. चाळीसेक किलोमीटर. शहर मागं पडलं की चढ नावाला उरत नाही, दोन्ही बाजूंना ऊस आणि द्राक्षबागा, आणि एकदम उजेड फुटावा तसं समोर पाणी येतं. पाण्याजवळ मी सायकलवरून उतरले. वीसेक हातांवर शेकाट्यांची जोडी चिखलात चोच घालत होती. इतके लांब आणि बारीक पाय की पक्षी लाल काड्यांवर ठेवलाय असं वाटावं. मी हँडल धरून उभी, ते त्यांच्या कामात.

तेवढ्यात मागून फिरायला आलेल्यांची गाडी आली. काचा खाली, गाणी मोठ्यानं, वळणावर हॉर्न. शेकाटे उडाले, त्यांच्या ओरडण्यानं पलीकडचे वारकरी पक्षी पाण्यावर फडफड पाय मारत पळाले, आणि मिनिटभरात अख्खा थवा नदीच्या मधोमध जाऊन बसला. मागं उरली धूळ. नंतर तासाभरात अशा अकरा गाड्या मोजल्या.

या जागेला आपण कौतुकानं ‘महाराष्ट्राचं भरतपूर’ म्हणतो. गोदावरी आणि कादवा इथं मिळतात, बंधाऱ्यामागं वर्षानुवर्षं गाळ साचत गेला, त्यातून बेटं आणि उथळ डबकी तयार झाली आणि पाखरं आली. १९८६ला अभयारण्य झालं, जानेवारी २०२०मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ, म्हणून जाहीर झालं. पण राजस्थानातल्या भरतपूरला, पक्ष्यांच्या केवलादेव उद्यानात, पहिल्या टप्प्यापुढं पर्यटकाची मोटार जात नाही. दारातच भाड्यानं सायकल मिळते. सपाट रस्ता, दोन्ही बाजूंना पाणी, आणि आवाज फक्त चेनचा. मी तिथं तीन दिवस सायकल चालवली. माणसं आपोआप हळू बोलतात.

माझं म्हणणं एवढंच: नोव्हेंबर ते फेब्रुवारी, दर रविवारी उजाडल्यापासून दहापर्यंत, पाण्याकडेचा रस्ता मोटारींना बंद ठेवावा. सायकल आणि पायी चालणारे तेवढे जातील. तुम्हाला काय वाटतं?

द्राक्षवाला_निफाड

ताई, तुमचं दुःख खरं आहे, पण तुम्ही जो रस्ता बंद करायचा म्हणता तो आमच्या वावराचा रस्ता आहे. फिरायला म्हणून केलेला नाही.

जानेवारीत पारा चार-पाचवर उतरला की आम्ही रात्रभर बागेत शेकोट्या पेटवतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा आकडा तुम्ही पेपरात वाचता, आम्ही ती थंडी अंगावर काढतो. पाण्याची मोटार चालू करायला रात्री-बेरात्री याच रस्त्यानं जायचं. पुढं तोडणी लागली की सकाळी सातला मजूर पिकअपमधून येतात, घड कात्रीनं कापून क्रेटमध्ये भरायचे आणि ऊन चढायच्या आत माल पॅकहाऊसला गेला पाहिजे. मणी तापला की टिकत नाही. तुमचे सहा ते दहा म्हणजे आमचे नेमके तेच सहा ते दहा. द्राक्षाला रविवार नसतो.

आणि अभयारण्य म्हटलं की आमच्या वाट्याला काय येतं तेही बघा. गाळामुळं पाणी पसरून पुरात शेतात शिरतं, तेव्हा विचारायला कोणी येत नाही. आता रस्त्यालाही अडसर लावणार?

पाणलावा

मी वीस वर्षं इथं पक्षी बघायला येतोय. माझा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे.

पाखरू गाडीला जेवढं बिचकतं त्याहून जास्त माणसाच्या उभ्या आकाराला बिचकतं. काचा बंद करून, इंजिन बंद करून गाडीत गप्प बसलात तर हळदीकुंकू बदकं तीस फुटांवर येऊन चरतात. दार उघडून एक पाय खाली टेकवा, थवा उठतो. सायकलवरचा माणूस म्हणजे उघड्यावरचा, हलणारा, उंच आकार. एकट्या ताई हळूच उतरून उभ्या राहिल्या म्हणून शेकाटे थांबले. रस्ता ‘सायकलींचा’ म्हणून जाहीर झाला की एकेकटं कोणी येणार नाही. पन्नास-पन्नासाचे गट भडक जर्सी घालून, एकमेकांना हाका मारत येतील.

भरतपूरचा दाखला इथं जसाच्या तसा चालत नाही. तिथं रस्त्याच्या दोन्ही कडांना बाभळी आहेत, माणूस त्यांच्या आडोशानं जातो, आणि तिथली पाखरं त्या वर्दळीला पिढ्यान्‌पिढ्या सरावलेली आहेत. आपल्याकडं काठ उघडा. फेब्रुवारी-मार्चमध्ये पट्टकदंब हे रानहंस हिमालय ओलांडून परत जायचे असतात, त्यासाठी अंगावर चरबी धरायची असते. दर उठवणीला त्यातलं थोडं खर्ची पडतं. गाड्या थांबवायच्याच असतील तर सगळ्यांनाच अलीकडं थांबवा आणि मनोऱ्यावरून बघू द्या.

गोदाकाठची

पाणलावा, गटांबद्दलचं तुमचं म्हणणं मान्य. पण गाडीत गप्प बसणारे तुमच्यासारखे शंभरात पाच असतील. मी मोजलेल्या अकरांपैकी एकानंही इंजिन बंद केलं नाही.

दादा, तोडणीचा विचार मी केला नव्हता. तो राहून गेला, ही माझी चूक.

केवलादेवचा_वाटसरू

भरतपूरचं नाव निघालंच आहे तर १९८२ची गोष्टही सांगायला हवी, कारण इथल्या वादाचं मूळ मला तिथं दिसतं.

ते मुळात राजांचं शिकारीचं तळं. १९३८मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगोच्या पाहुणचारात एका दिवसात चार हजारांवर पाखरं पाडली गेली. ती नोंद तिथल्या दगडी फलकावर आजही वाचता येते. पुढं पक्षितज्ज्ञ सलीम अलींसारख्यांच्या खटपटीनं ते राखलं गेलं आणि १९८२ला राष्ट्रीय उद्यान झालं. लगेच गुरं चारायला बंदी आली. शेजारच्या गावांच्या म्हशी पिढ्यान्‌पिढ्या तिथं चरत होत्या. लोक चिडले, गोळीबार झाला, माणसं मेली.

बंदीनं पाखरांचं भलं झालं म्हणावं तर तेही नाही. मुंबईच्या बीएनएचएस या निसर्ग-अभ्यासक संस्थेनं डॉ. विजयन यांच्या नेतृत्वाखाली तिथं दहा वर्षं अभ्यास केला. म्हशी गेल्यावर पाणगवत माजलं, मोकळं पाणी बुजत गेलं आणि पाणपक्ष्यांना जागा उरेना. ज्यांना बाहेर काढलं त्या म्हशीच तळं मोकळं ठेवत होत्या! ज्या संस्थेनं आधी चराई थांबवा म्हटलं होतं, तिनंच हे लिहून दिलं, याचं मला मोठं मोल वाटतं.

म्हणून नांदूरला काहीही करा, पण शेतकऱ्याला बाहेर ठेवून करू नका. पाणलावा, ‘सगळ्यांनाच थांबवा’ हे वाक्य ऐकायला सोपं आहे. तिथं ते महागात पडलं.

आणि भरतपूरहून घ्यायचंच असेल तर सायकलरिक्षावाले घ्या. तिथं रिक्षा ओढणारी माणसं आसपासची, पक्ष्यांची नावं त्यांना तोंडपाठ, पर्यटकाला थांबवायचं कुठं आणि बोलायचं किती हे तेच ठरवतात. मला ज्यांनी फिरवलं त्यांनी पाणकावळ्यांच्या घरट्यांपाशी नुसता तळहात वर केला. आम्ही चौघं जागच्या जागी गप्प.

वाल_नदीकाठी

मी मूळची सिन्नरची, आता नेदरलँड्समध्ये नायमेखनला राहते. शहर ओलांडलं की वाल नदीच्या काठी ओय नावाचा पोल्डर, म्हणजे बांध घालून राखलेली सखल जमीन, आहे. पूरमैदान, ओली कुरणं, आणि बांधावरून जाणारा सपाट रस्ता. हिवाळ्यात उत्तरेकडून कदंबांचे हजारोंचे थवे उतरतात, अख्खं कुरण करडं दिसतं.

या देशात अशा बांधांवर जागोजागी एक पाटी असते. गोल, पांढरी, लाल कडेची, आत मोटार आणि मोटारसायकलचं चित्र, आणि खाली एक ओळ: ‘इथंच काम असणाऱ्यांखेरीज’. ज्याचं घर, गोठा, शेत त्या रस्त्यावर आहे तो कधीही गाडीनं जातो. पलीकडं पोचायला जवळचा रस्ता म्हणून किंवा नुसतं फिरायला म्हणून मोटार आणायची नाही. दुसऱ्या काही बांधांवर शनिवार-रविवारी नुसत्या मोटारसायकलींना बंदी असते, कारण रहिवासी आवाजाला कंटाळले होते. ट्रॅक्टर आला की आम्ही सायकलवाले गवतात उतरतो. त्याचं काम आहे, आमची हौस आहे. यावर कधी भांडण झालेलं मी पाहिलं नाही.

पाणलावांना एक सांगते. चालत्या सायकलीकडं कदंब मान वर करून बघतात आणि पुन्हा चरू लागतात. सायकल थांबली की मात्र उठतात. मी हे कितीतरी वेळा पाहिलंय. तेव्हा थांबायच्या जागा ठरवून, आडोसा करून ठेवाव्यात, मधे थांबू नये.

पाणलावा

तुमच्याकडं पाटी लावली की ती पाळली जाते. इथं ‘हॉर्न वाजवू नका’च्या पाटीखाली उभं राहून सेल्फी काढतात. आडोशाचं म्हणणं मात्र पटलं. कुडाचा, माणसाच्या डोक्याइतका उंच, मधे बघायला फटी. फार खर्चही नाही त्याला.

रोहिणीची_आई

इतके जण सायकलबद्दल लिहिताय, पण रोज सायकल चालवणारं इथं कोण, हे कोणी विचारलं नाही म्हणून लिहिते.

माझी मुलगी नववीत आहे. रोज सकाळी साडेसहाला ती आणि तिच्या चार मैत्रिणी सायकलनं शाळेला निघतात, साडेतीन किलोमीटर. हेल्मेट नाही, जर्सी नाही, पाठीवर दप्तर. गाळप सुरू झालं की रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर, एकामागं एक दोन ट्रॉल्या जोडलेले, ऊस दोन्ही बाजूंना हातभर बाहेर आलेला, मागं लाल दिवा नाही. धुक्यात दहा पावलांवरचं दिसत नाही. मागच्या वर्षी माझ्या मुलीच्या ओढणीत उसाचं वाढं अडकलं आणि ती सायकलसकट खड्ड्यात पडली. हाताला सात टाके. ट्रॅक्टरवाल्याला कळलंसुद्धा नाही.

तुम्हाला रविवारी चार तास मोकळा रस्ता पाहिजे. मला सोमवार ते शनिवार सकाळचा एक तास पाहिजे. रविवारी माझी मुलगी घरी असते.

गोदाकाठची

ताई, तुमचं लिहिलेलं तीनदा वाचलं. मी त्या रस्त्यानं वर्षात पाच-सहा वेळा जाते आणि त्यावर हक्क सांगत होते. आता मागणी बदलते:

शाळेच्या दिवशी साडेसहा ते साडेसात उसाच्या ट्रॉल्या त्या पट्ट्यात येऊ नयेत, थांबून राहाव्यात. हे आधी. रविवारी बंदी फक्त फिरायला येणाऱ्या मोटारींना; शेतकरी, मजूर, मालाची पिकअप, आजारी माणूस, कोणालाही अडवायचं नाही. पर्यटकांच्या गाड्या गावात थांबतील, पुढं गावातल्याच मुलांकडून भाड्यानं सायकल घेऊन जायचं, आणि एका वेळी दहापेक्षा जास्त नाही. आडोसे आधी, सायकली मागाहून.

द्राक्षवाला_निफाड

असं असेल तर बोलता येईल.

एक गोष्ट मी आधी लिहिली नाही ती आता लिहितो. रस्त्याला लागून माझ्या दोन ओळी आहेत. मण्यावर एक पांढरी भुकटी असते, बोट लागलं तरी जाते, व्यापारी आधी तीच बघतो. फिरणाऱ्यांच्या गाड्यांची धूळ त्यावर बसते आणि त्या दोन ओळींचा माल मला दरवर्षी वेगळा काढावा लागतो, भाव पडतो. गाड्या कमी झाल्या तर मला पाहिजेच आहेत. पण बांबू आडवा टाकून कोण उभं राहणार? बाहेरचा माणूस उभा केलात तर पहिल्याच दिवशी भांडण होईल. गावातला पाहिजे, प्रत्येक ट्रॅक्टर कोणाचा ते ओळखणारा, आणि त्याची मजुरी सायकलच्या भाड्यातून निघाली पाहिजे. ट्रॉल्यांचं म्हणाल तर ते माझ्या हातात नाही, कारखान्याच्या तोडणीच्या टोळ्या आणि वाहतूकदार बसवून बोलावं लागेल. रोहिणीची आई म्हणतात ते खरं आहे, माझी पुतणीपण त्याच रस्त्यानं जाते.

२६ जानेवारीला ग्रामसभा असते. तिथं मांडा. मी विषय घ्यायला लावतो.

पाणलावा

मी अजून सायकलींच्या बाजूचा नाही. पण ग्रामसभेला येईन आणि आडोसे कुठं घालायचे ते जागेवर दाखवीन. तोपर्यंत कोणी या रस्त्याचे फोटो ‘सायकलिंगसाठी झकास जागा’ म्हणून टाकू नका, एवढी विनंती.

रोहिणीची_आई

ग्रामसभेत बायका मागं बसतात. ताई, तुम्ही येणार असाल तर माझ्या शेजारी बसा.