पाच वर्षांचा सर्व्हायव्हल रेट: दोन ठिकाणी दोन आकडे का?

सायली_के: आत्याला ब्रेस्ट कॅन्सर निघालाय, स्टेज दोन. गाठ तिच्याच हाताला लागली. नेटवर बाहेरच्या देशांचे आकडे वेगळे, आपल्याकडच्या हॉस्पिटलांचे वेगळे, घरात सगळे मलाच विचारतायत, कुठला खरा धरायचा?

दिगंबर७२: सायली, हा रेट म्हणजे निदानानंतर पाच वर्षांनी शंभरातले किती पेशंट जिवंत असतात ते. आधी हे बघ की मोजणी निदानाच्या दिवसापासून सुरू होते. समजा एकाचा आजार ६७ व्या वर्षी कळला आणि ७० ला तो गेला, म्हणजे पाच वर्षं काढली नाहीत. तोच आजार तपासणीत ६० लाच सापडला असता आणि गेला असता ७० लाच, तरी तो "वाचलेल्यां"त धरला असता, आयुष्य मात्र एक दिवसही वाढलं नाही. याला लीड टाइम बायस म्हणतात. दक्षिण कोरियात तर सरसकट सोनोग्राफी होऊन २०११ पर्यंत थायरॉइड कॅन्सरचं प्रमाण १९९३ च्या १५ पट झालं, मृत्यूचं प्रमाण होतं तेवढंच! कधीच त्रास न देणाऱ्या गाठी धरल्या की टक्केवारी वाढणारच. जिथं मॅमोग्राफी (त्रास नसतानाही स्तनांचा एक्स-रे) नियमित होते तिथले आकडे आत्याला जसेच्या तसे लावू नकोस.

माणदेशी_पोरगा: मी फॉलोअपचं, म्हणजे ट्रीटमेंटनंतर पेशंट कसा आहे याची खबर घ्यायचं काम केलंय, आमच्याकडं वेगळाच घोळ. पेशंट ट्रीटमेंटपुरता मुलीकडं शहरात राहतो, पत्ता तिथला, फोन जावयाचा, नंतर नंबर बंद. फाइलवर शेवटची नोंद "मार्च, तब्येत ठीक", आणि गाव शोधत गेलो तर भिंतीवर फोटोला हार. दुसऱ्या गावात उलटं, ज्या बाबांना आम्ही हरवलेले समजत होतो ते उसाला पाणी देत होते, म्हणाले बरं वाटलं म्हणून आलो नाही. आता असे सगळे गायब लोक मेले धरले तर रेट पडतो, शेवटच्या भेटीनंतर हिशोबातून काढले तर बहुतेक वेळा फुगतो कारण जास्त आजारीच घरी जाऊन बसतात. म्हणून बार्शीच्या ग्रामीण कॅन्सर रजिस्ट्रीत (पेशंटच्या नोंदी ठेवतात तिथं), १९८७ पासूनची आहे ती, माणसं गावोगाव फिरून माहिती घेतात. कुठलाही आकडा बघितला की किती जणांचा पत्ताच लागला नाही ते आधी बघा.

सायली_के: दादा, हे कुणीच सांगितलं नव्हतं. हॉस्पिटलच्या फॉर्मवर आत्याचा पत्ता आमचाच पुण्याचा टाकलाय, उद्याच गावचा पत्ता आणि काकांचा नंबर लिहून देते.